संक्षेप आणि दुवा : संगीत नाटकाच्या घरगुती ध्वनिसंग्रहाची चिकित्सा

मराठी संगीत नाटकाची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन साधनांच्या आधारे होत आली आहे : छापील संहिता आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी. घराघरांत जपलेल्या ध्वनिमुद्रिका हे तिसरे साधन. ते संगीताच्या अभ्यासकांच्या स्वाधीन करून नाट्यसमीक्षक मोकळा झाला, असे खेदाने म्हणावे लागते. वस्तुतः गिरगावातील चाळींपासून दादरच्या ब्लॉकपर्यंत आणि परळ-लालबागच्या एकेका खोलीच्या बिऱ्हाडांपर्यंत, मराठी कुटुंबांनी गतकालीन नाटक जपले ते पुस्तकापेक्षा तबकडीच्या रूपात अधिक. प्रस्तुत लेखात या संग्रहांकडे 'गाण्यांचा साठा' म्हणून न पाहता नाटकांच्या संक्षिप्त आवृत्त्या म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. रात्रभर चालणारे नाटक तीन मिनिटांच्या तुकड्यांनी घरी येते तेव्हा नेमके कोणते नाटक घरी येते, हा यातील मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. कोडॅक कंपनीने १९६५ मध्ये 'सुपर ८' ही अरुंद फीत बाजारात आणल्यानंतर युरोप-अमेरिकेत गाजलेल्या चित्रपटांच्या आखूड आवृत्त्या घरच्या प्रोजेक्टरसाठी विकल्या जाऊ लागल्या. दोनशे फुटी रीळ सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने सुमारे दहा मिनिटे चाले, चारशे फुटी सुमारे वीस मिनिटे. दोन तासांच्या संगीतपटातून वीस मिनिटे निवडायची, तर गाणी ठेवावीत की कथा ठेवावी, हा पेच संकलकापुढे प्रत्येक वेळी उभा राही. व्हिडिओ कॅसेट आल्यावर हा व्यवसाय मागे पडला. मात्र त्या रिळांचे संग्राहक आजही आहेत. त्यांच्या लेखी ती रिळे मूळ कृतीची गरीब नक्कल नसून तिचे एक स्वतंत्र वाचन असते. आपल्याकडे प्रोजेक्टर ही मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. आपले सुपर ८ म्हणजे ग्रामोफोनची तबकडी.

तीन मिनिटांची मर्यादा

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन ते साडेतीन मिनिटांची असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'मध्ये (१८८०) दोनशेहून अधिक पदे होती. पुढे पदसंख्या कमी झाली, पण एकेका पदाचा विस्तार वाढला. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गन, सारंगी आणि थिरकवाँसारख्या तबलजीची साथ असताना एकच पद 'वन्समोअर'सह किती वेळ चालेल, याचा नेम नसे. ही सारी सामग्री तीन मिनिटांत बसवायची म्हणजे केवळ काटछाट नव्हे. गायकाला आलापी आखडावी लागे, अंतरा लवकर घ्यावा लागे, तानेची जागा आधी ठरवून ठेवावी लागे. या सक्तीतून एक नवी, गोळीबंद गायकी जन्माला आली आणि तिचे मोल कोणीही नाकारणार नाही.

परंतु संगीताच्या दृष्टीने जो संक्षेप ठरला, तो नाटकाच्या दृष्टीने विच्छेद होता. तबकडीवर पद आले. पदाच्या आधीचा संवाद आला नाही, नंतरचाही नाही. लेबलवर पदाच्या पहिल्या शब्दांबरोबर गायकाचे नाव ठळक असे आणि नाटकाचे नाव बहुधा त्याखाली बारीक टाइपात. कित्येकदा एका बाजूला एका नाटकातील पद, तर दुसऱ्या बाजूला भलत्याच नाटकातील. त्यामुळे संग्राहकाने आपले कपाट गायकाच्या नावाने लावले, हे स्वाभाविकच होते. बालगंधर्वांचा खण, मास्टर दीनानाथांचा खण, हिराबाईंचा खण. 'स्वयंवर'चा खण किंवा 'मानापमान'चा खण सहसा आढळत नाही. ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण ही तांत्रिक बाब मानली जाते. येथे मात्र ते एक समीक्षात्मक विधान आहे. नाटक म्हणजे गायक, असे ते विधान.

या मर्यादेचा परिणाम उलट दिशेने रंगभूमीवरही झाला, असे मानण्यास जागा आहे. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये केशवराव भोळे यांनी मोजकी, भावगीताच्या वळणाची पदे दिली. १९४२ च्या 'कुलवधू'मध्ये मो. ग. रांगणेकरांनी तीच वाट पुढे नेली. बोलपटाचा प्रभाव याला कारण होता हे तर खरेच. पण तोवर श्रोत्याचा कानही तीन मिनिटांना सरावला होता. दोन्ही नाटकांत ज्योत्स्ना भोळे गात होत्या, आणि त्यांचे रंगमंचावरील गाणे व तबकडीवरील गाणे यांत बालगंधर्वांच्या बाबतीत असलेले अंतर उरले नव्हते. म्हणजे संक्षिप्त आवृत्तीने मूळ आवृत्तीला आपल्या मापाचे करून घेतले.

'एकच प्याला' : सुधाकराविना

वरील विच्छेदाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी यांचे निधन जानेवारी १९१९ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांची. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, सुधाकराची गणपतराव बोडसांची.

ध्वनिमुद्रिकांतून हे नाटक ज्यांच्यापर्यंत पोहोचले त्यांना काय मिळाले? सिंधूची पदे मिळाली. तिचे माहेरचे कौतुक, तिची पतिनिष्ठा, लेकराला जोजवताना दाटून येणारे दैन्य, हे सारे बालगंधर्वांच्या स्वरात मिळाले. सुधाकर मिळाला नाही, कारण त्याचे सामर्थ्य गद्यात आहे. तळीराम मिळाला नाही. त्याचे आर्य मदिरा मंडळ, तेथील तर्कटे, हास्याच्या आडून पुढे सरकणारा सर्वनाश, यांतील काहीच तबकडीवर उमटण्याजोगे नव्हते. ज्याच्या नावावर नाटक उभे आहे तो प्यालाच या आवृत्तीत नाही. दारूच्या व्यसनाची शोकांतिका एका सोशिक पत्नीचे करुणगान होऊन घरी आली.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रेक्षक मुळात गाण्यासाठीच जात असत, तेव्हा तबकडीने प्रेक्षकाची निवडच नोंदवली, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अंशतः खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. बोडसांचा सुधाकर पाहण्यासाठी प्रेक्षक येत होते, याची साक्ष त्या काळच्या नाट्यविषयक लेखनात पुरेशी मिळते. त्यांची ती निवड कोणत्याही कपाटात शिल्लक नाही, म्हणून ती नव्हतीच असे म्हणता येणार नाही. सिंधूच्या व्यक्तिरेखेवर पुढे स्त्रीवादी समीक्षेने जे आक्षेप घेतले, त्यांचा विचार करतानाही हे ध्यानात घ्यावे लागते. संहितेतील सिंधू सुधाकराच्या अधःपाताच्या प्रत्येक पायरीशी बांधलेली आहे. तबकडीवरील सिंधूला समोर कोणीच नाही. तिचे सोसणे कारणाविना, जणू स्वभावतःच सुंदर झालेले आहे. गेल्या काही पिढ्यांना परिचित असलेली सिंधू गडकऱ्यांची किती आणि ग्रामोफोन कंपनीची किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

ब्रेश्टचे चार तबकडे

याच काळात जर्मनीत घडलेली एक घटना येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. बेर्टोल्ट ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा' १९२८ मध्ये बर्लिनमध्ये रंगभूमीवर आला. १९३० च्या अखेरीस टेलिफुंकेन कंपनीने त्यातील निवडक गाणी चार तबकड्यांच्या संचात काढली. आठ बाजू, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा ऐवज. मात्र ब्रेश्टने या संचासाठी स्वतः निवेदनाचे दुवे लिहिले आणि ते गाण्यांच्या मध्ये बोलले गेले. कोण गात आहे, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या विरुद्ध, हे श्रोत्याला त्या दोन-चार वाक्यांत कळते. दुव्यासाठी गेलेली सेकंदे गाण्यातूनच कापावी लागली असतील. तरीही लेखकाला तो सौदा परवडला.

संगीत नाटकाच्या परंपरेत सूत्रधार ही व्यक्ती मुळातच उपलब्ध होती. दुवा देणे हेच तिचे काम. तरीही आपल्या बहुसंख्य नाट्यपदांच्या तबकड्यांवर सूत्रधाराला जागा मिळाली नाही. भारतीय भाषांत अनेक तबकड्यांचे नाट्यसंच निघू लागल्यावर संवादांना थोडा अवकाश लाभला, हे नमूद केले पाहिजे. सहा तबकड्यांचा संच म्हणजे बारा बाजू, सुमारे चाळीस मिनिटे. पण संच महाग, वजनदार, आणि एक तबकडी फुटली की अपुरा. सामान्य घराने सुटी तबकडीच घेतली.

ब्रेश्टच्या नाटकातील पहिल्या गाण्याचे पुढे काय झाले, हे पाहिले की दुव्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. एका खुन्याच्या कृत्यांची ती यादी अमेरिकेत 'मॅक द नाइफ' या नावाने १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने आणि १९५९ मध्ये बॉबी डारिनने गायिली, आणि लोक तिच्यावर नाचले. गाणे तेच, दुवा तुटला होता.

कट्यार, आणि दोन बाजूंची तबकडी

संक्षेप नेहमीच नाटकाला मारक ठरतो असे मात्र नाही. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक दोन घराण्यांच्या संघर्षावर उभे आहे, आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांनी तो संघर्ष संगीतरचनेतच बांधला. खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव देशपांडे यांची आक्रमक गायकी आणि पंडितजींची संयत गायकी यांत एकच पद दोन चालींत येते. या दोन्ही चाली लागोपाठ ऐकल्या, तर कथानक ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही कळते की येथे दोन माणसे भांडत आहेत, आणि भांडण शब्दांचे नाही. नाटकाचा विवाद्य विषयच स्वर असल्याने स्वराच्या संक्षेपात तो टिकतो. नाट्यपदे आटोपशीर ठेवण्याचा अभिषेकींचा आग्रहही येथे कामी आला. 'एकच प्याला' आणि 'कट्यार' यांच्यातील हा फरक गायकांच्या दर्जाचा नाही, तो नाट्यरचनेचा आहे.

पण 'कट्यार'चीही दोन पदे संग्राहकाने दोन वेगळ्या खणांत ठेवली की झाले! वर्गीकरण पुन्हा नाटकावर मात करते.

लालबागपासून 'सुपरस्टार'पर्यंत

येथवरचे विवेचन गिरगाव-दादरच्या पांढरपेशा संग्रहाला धरून झाले. परळ-लालबागच्या गिरणगावात दुसरी एक नाट्यपरंपरा नांदत होती. दामोदर नाट्यगृहातील कामगार रंगभूमी, हनुमान थिएटरातील तमाशा, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे कलापथक, शाहीर साबळे यांची मुक्तनाट्ये. यांतून तबकडीवर आले ते पोवाडे, लोकगीते आणि लावण्या. वग आला नाही. वगातील बतावणी रोज बदलते, समोरच्या प्रेक्षकाला पाहून वळते. तिचा संक्षेप करायचा तर कोणत्या रात्रीचा करायचा, हाच प्रश्न. कामगार वस्तीच्या नाटकाची संक्षिप्त आवृत्ती म्हणूनच जवळजवळ अस्तित्वात नाही. संग्रहाच्या आधारे नाट्येतिहास लिहू पाहणाऱ्याने ही पोकळी गृहीत धरली नाही, तर मुंबईचे मराठी नाटक गिरगावात सुरू होऊन दादरला संपले असा समज व्हायचा. दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

याच गिरणगावाने आणि गिरगावाने १९७५ नंतर संक्षेपाचा एक वेगळाच प्रकार अनुभवला. 'शोले'च्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती गणेशोत्सवाच्या कर्ण्यांवरून गल्लोगल्ली वाजली. गद्य तबकडीवर चालत नाही, हा समज त्या एका ध्वनिमुद्रिकेने मोडला. मराठी नाटकाला हा धडा चार दशके आधी घेता आला असता. तळीरामाचे संवाद गब्बरच्या संवादांपेक्षा कमी पाठ होण्याजोगे खासच नाहीत.

रॉक संगीतिकेची गोष्ट याहून निराळी आहे. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ही कृती प्रथम १९७० मध्ये दोन तबकड्यांच्या संचाच्या रूपात जन्माला आली, १९७१ मध्ये ब्रॉडवेवर गेली आणि १९७३ मध्ये तिचा चित्रपट झाला. मुंबईत अ‍ॅलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये ती इंग्रजी रंगभूमीवर आणली, तेव्हा ज्यूडासची भूमिका आत्माराम व आशा भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे यांनी केली. या कृतीत गद्य संवाद नाहीत. सारे गायिले जाते. त्यामुळे तिची कितीही आखूड आवृत्ती काढली तरी घटते ते परिमाण, प्रकार बदलत नाही. आपल्या संगीत नाटकात मात्र गद्य आणि पद्य यांच्यात श्रमविभागणी आहे. प्रसंग गद्य घडवते, भाव पद घेऊन जाते. एक काढले की दुसरे लंगडे होते. रॉक संगीतिकेचा संग्राहक आणि नाट्यपदांचा संग्राहक वरकरणी एकाच छंदाचे दिसले तरी पहिल्याच्या हाती लहान केलेले नाटक असते, तर दुसऱ्याच्या हाती नाटकाचा एक अवयव.

हेच नंदू भेंडे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मध्यवर्ती भूमिकेत उतरले. थिएटर अकादमीच्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात ब्रेश्टचा ऑपेरा मराठी तमाशाच्या घाटात आला. नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक अशा शैली त्यात एकमेकींना छेद देत राहतात. या नाटकातील गाणे भाव व्यक्त करण्यासाठी थांबत नाही; ते प्रसंगावर टीका करते, कधी प्रेक्षकाची खिल्लीही उडवते. अशा गाण्याला दुव्याविना सुटे काढणे हे सिंधूच्या पदापेक्षाही धोक्याचे, कारण सिंधूचे पद सुटे निघाले तरी निदान करुण राहते. उपहासाचे गाणे सुटे निघाले तर ते उलट अर्थाचे होते. नाट्यसंगीताच्या मैफलींतून 'मानापमान' आणि 'स्वयंवर' पुनःपुन्हा ऐकू येतात. 'तीन पैशाचा तमाशा' तेथे ऐकू येत नाही. त्यामागे अभिरुचीइतकाच हा रचनेचा पेचही असावा.

कपाटांचे भवितव्य

'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासू संग्राहकांमुळे या क्षेत्रात शिस्तबद्ध नोंदींचे काम उभे राहिले. मुद्रण क्रमांक, लेबल, गायक, साल यांच्या याद्या झाल्या. विद्यापीठांनी जे करायला हवे होते ते छांदिष्टांनी केले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. कायद्याच्या दृष्टीनेही वाट बरीच मोकळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो; बालगंधर्वांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या तर केव्हाच त्यापलीकडे गेल्या आहेत. चाळींच्या जागी मनोरे उठत असताना वजनदार तबकड्या प्रथम माळ्यावर, मग रद्दीत आणि तेथून चोर बाजारात जातात. त्यांतील स्वर आता संगणकावर उतरवून घेतला जात आहे, ही समाधानाची बाब होय.

तथापि एक गोष्ट या उतरवण्यातून निसटते. पोलादी सुई दर बाजूनंतर बदलावी लागे, चावी पुन्हा भरावी लागे. तबकडी उलटून दुसरी बाजू लागेपर्यंत मिनिटभर शांतता असे, आणि त्या मिनिटात घरातील कोणी आजी, कोणी मामा मुलांना सांगत की आता सुधाकर पिऊन घरी आला आहे, तिच्या हाती पैसा नाही, पुढचे पद तेव्हाचे. असे वर्णन ज्येष्ठ श्रोत्यांच्या तोंडून आजही ऐकायला मिळते. ब्रेश्टने जे लिहून दिले, ते आपल्याकडे सुई बदलता बदलता बोलले जात होते. संगणकावर एका पदामागून दुसरे पद आपोआप सुरू होते. मधले मिनिट नाही आणि ते सांगणारेही फार थोडे उरले आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांकडे असे संग्रह देणगीदाखल येतात तेव्हा दाखल नोंदवहीत पदाचे नाव, गायक, कंपनी, क्रमांक आणि स्थिती असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखता येईल : बाजू उलटताना घरात काय सांगितले जात असे. देणगी घेऊन येणाऱ्या व्यक्तीला हा प्रश्न त्याच दिवशी, पावती फाडण्यापूर्वी विचारायला हवा.